मागच्या सीटवरची बाई

रेमोंद मावशीने चौतीस वर्षं नवऱ्याची पाठ बघितली. ती स्वतःच सांगायची, "लोकांच्या नवऱ्यांना चेहरा असतो. माझ्याला पाठ आहे."

त्यांची सायकल दोघांची होती. निळी, लांबलचक, दोन सीटांची. पुढे लेऑन काका. हँडल आणि ब्रेक त्याच्याकडे. मागे मावशी, नकाशा, पाण्याच्या बाटल्या आणि अक्कल तिच्याकडे. काकाला दिशा अजिबात कळत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याने मावशीला समुद्र दाखवायला म्हणून नेलं आणि संध्याकाळी एका खाणीपाशी आणून उभं केलं. त्या दिवसापासून मावशीने पद्धत लावून दिली. पाठीवर एक थाप म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. वाऱ्यात ओरडायची भानगड नाही. काका फक्त पाय मारायचा आणि पाठ सांगेल तसा वळायचा.

आमच्या क्लबची फेरी दर गुरुवारी सकाळी निघते. आठ-दहा म्हातारेकोतारे, द्राक्षमळ्यांतले अरुंद रस्ते, एखादा ट्रॅक्टर सोडला तर वाटेत कोणी नाही. इकडे दर चार-पाच किलोमीटरवर एक जुनं दगडी चर्च लागतं. क्लबने त्यातली बारा निवडून एक कार्ड छापलं होतं. कार्डावर बारा चौकोन. सायकलनेच जायचं, चर्च बघायचं आणि त्या गावच्या बेकरीत किंवा कॅफेत शिक्का मारून घ्यायचा. मोटारीने जाऊन आणलेला शिक्का बाद. बारा पुरे झाले की नोव्हेंबरच्या सभेत सगळ्यांसमोर पदक. दोघांच्या सायकलला एकच कार्ड, त्यावर दोघांची नावं.

मावशी आणि काकांचे अकरा शिक्के झाले होते. राहिलं होतं फक्त सेंत-ओर्तांस, एकतीस किलोमीटरवरचं. आणि मे महिन्यात मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

"सहा महिने सायकल नाही," डॉक्टर म्हणाले.

"आणि नंतर?"

"नंतर बघू."

जूनमध्ये क्लबची मंडळी भेटायला आली. ओटीवर पिनोचे, म्हणजे इथल्या गोड वाइनचे, छोटे ग्लास फिरले. क्लबचे सेक्रेटरी मस्यू ब्रिकू म्हणाले, "लेऑन, त्या एका चर्चसाठी कार्ड अडकून पडलंय. मागे कोणी बदली बसवलंस तरी नियमात बसतं. बाराव्या चौकोनात त्या बदलीचं नाव लिहायचं, झालं."

सगळे मावशीकडे बघायला लागले. आता अशा वेळी घरच्या बाईने काय म्हणायचं असतं? मावशी म्हणाली, "अहो, जा ना खुशाल. ही ओदिल आहे की. तिचे पाय बघा, बगळ्यासारखे. घेऊन जा तिला, लेऑन."

तिची अपेक्षा होती की काका म्हणेल, छे, तुझ्याशिवाय कसला जातोय.

काका म्हणाला, "चालेल."

ओदिल म्हणजे चौथ्या घरातली. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झालेली, उंच, कामसू, केस अजून काळे. म्हणजे काळे केलेले. ती लाजून म्हणाली, "मला जमेल का गं, रेमोंद?"

"न जमायला काय झालं? मागे बसायचं असतं फक्त," मावशी म्हणाली आणि गुडघ्यासाठी बर्फ आणायच्या निमित्ताने आत गेली. मी मागोमाग गेले, तर ती फ्रीजचं दार उघडं टाकून नुसतीच उभी.

"चालेल म्हणाला," ती मला म्हणाली. "ऐकलंस? विचारसुद्धा केला नाही. हो-नाही काही नाही. चालेल!"

"मावशी, तूच तर..."

"मी काय, मी म्हणणारच. त्याला नको कळायला?"

तेव्हापासून गुरुवार म्हणजे घरात परीक्षेचा दिवस. दूरच्या फेरीआधी सराव हवा, म्हणून दोघं जवळपासच्या फेऱ्या मारायचे. नऊला निघायचे, साडेअकराला परत. अकरा पस्तीस झाले की मावशी खिडकीत. ओदिलचे पाय लांब, त्यामुळे मागची सीट चार बोटं वर घ्यावी लागायची. मावशीने सीटच्या दांड्यावर स्वतःच्या उंचीची खूण नखाच्या लाल रंगाने करून ठेवली होती. गुरुवारी दुपारी काका जेवून लवंडला की ती काठी टेकत शेडमध्ये जायची, पान्याने सीट खाली आणायची, लाल खुणेपर्यंत. पुढच्या गुरुवारी काका ती गुपचूप वर करायचा. दोघांपैकी कोणी अवाक्षर काढलं नाही. एवढंच झालं की काका पाना आता खिशातच ठेवायला लागला आणि मावशीने बाजारातून दुसरा आणला.

मग जुलैत तो किस्सा झाला. मावशी बाजारच्या दिवशी कॅफेत शिरली तर आत हसण्याचा कल्लोळ. ब्रिकू डोळे पुसत होते.

"या, या, मादाम रेमोंद! कळलं का तुम्हाला? काल तुमचा लेऑन सरळ रस्ता सोडून भर वेगात उजवीकडे वळला तो थेट बदकवाल्याच्या अंगणात! शेणखताच्या ढिगात चाक रुतलं! बदकं चहूकडे! ओदिलची टोपी अजून सापडली नाही!"

"उजवीकडे कशाला वळला?"

"अहो, त्याच्या पाठीवर गोमाशी बसली होती. ओदिलने मारली. एकदा चुकली म्हणून दुसऱ्यांदा मारली. दोन थापा! आणि हा भला माणूस वळला!"

मावशीही हसली. पोट धरून हसली. चौतीस वर्षांची शिकवण त्या पाठीत इतकी मुरलेली बघून कुठल्या बाईला बरं वाटणार नाही? पण घरी येईपर्यंत तिचं हसू गेलं होतं.

"लेऑन, ती तुझ्या पाठीवर हात मारते?"

"गोमाशी होती."

"मला तर कधी दिसली नाही चौतीस वर्षांत गोमाशी."

"तू नकाशा बघायचीस."

"आणि ती काय बघते?"

काकाने घेवड्याच्या शेंगा सोलायला घेतल्या. हे त्याचं नेहमीचं. उत्तर अडलं की शेंगा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सेंत-ओर्तांसची फेरी ठरली. आदल्या दिवशी काकाने हँडलच्या पिशवीत सगळं भरलं. पंप, ट्यूब, सफरचंदं, कार्ड. दोनदा तपासलं. सकाळी तो टायरमध्ये हवा भरत असताना मावशीने पिशवीत हात घातला, कार्ड काढलं आणि स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्याखाली सरकवलं. मग दारात उभं राहून दोघांना हात हलवला. म्हणाली, "सावकाश जा हं."

दुपारी दोनला सायकल परत आली. काका मान खाली घालून शेडमध्ये गेला. ओदिल घरी गेली नाही. घामेजलेली, धुळीने माखलेली, ती तशीच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"पिशवीत कार्ड नव्हतं, रेमोंद."

"असं? विसरला असेल."

"तो दोनदा तपासतो. बिचारा बेकरीत उभा राहून सगळे खिसे उलटे करत होता. बेकरीवाली म्हणाली, रुमालावर मारून देऊ का शिक्का? सगळे हसले. तो नाही हसला." ओदिलने कपाळावरचा घाम पुसला. "तू काढलंस ना?"

मावशी रागावली की माणसाला अहो-जाहो करते. "ओदिलबाई, तुम्ही माझ्या घरात उभ्या राहून मला चोर म्हणताय?"

"हो."

"बरं. काढलं. माझं नाव आहे त्यावर."

"मला नकोच होतं माझं नाव त्यावर! ब्रिकूला मी दोनदा सांगितलं, नाव घालू नका."

"मग उन्हातान्हात एकतीस किलोमीटर कशाला गेलात? चर्च बघायला? गावात आहे की एक!"

ओदिल खुर्चीत बसली. विचारलं नाही, बसलीच. "माझा रॉजे सत्तावीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवला आणि मीठ दे याच्यापुढे काही बोलला नाही. हा तुझा नवरा सायकलवर बसला की थांबतच नाही. बोलतो, बोलतो. मी मागे बसून ऐकत असते. तेवढ्यासाठी जाते. झालं समाधान?"

मावशीचा चेहरा पडला. घरात लेऑन काका दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन हवामानाची.

"काय बोलतो?"

"तुमचंच. तो खाणीचा किस्सा. तुम्ही पावसात अडकून पाद्र्याच्या खोलीत झोपलात, त्याचा झगा पांघरून, तो किस्सा. आज त्या चर्चच्या कमानीवर दगडाचे दोन म्हातारे एकमेकांची दाढी ओढताना दिसले, तर म्हणाला, रेमोंद असती तर म्हणाली असती की हा डावीकडचा ब्रिकू."

सीट वर गेली होती, हात पाठीला लागला होता, ते सगळं मावशीने गिळलं होतं. हे नाही गिळलं. ते किस्से तिचे होते. ते त्या पाठीमागे बसून तिने कमावले होते, आणि तो ते दर गुरुवारी दुसऱ्या बाईला वाटत सुटला होता.

"झग्याचं खोटं आहे," ती शेवटी म्हणाली. "झगा मी पांघरला. तो टेबलाखाली झोपला, पडदा गुंडाळून. आणि सकाळी पाद्र्याला बघून आधी किंचाळला तोच."

ओदिलला हसू फुटलं. मावशीला अजिबात फुटलं नाही. तिने डब्याखालून कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं आणि बाराव्या चौकोनावर बोट दाबून धरलं.

"हे बघ. गुरुवारी जा त्याच्याबरोबर. कुठेही जा. ऐक काय ऐकायचं ते. पण सेंत-ओर्तांसला पुन्हा गेलीस तर मी तुझं तोंड बघणार नाही."

"आणि तुझा गुडघा नाहीच बरा झाला तर?"

"तर चौकोन रिकामा राहील. माझा आहे, माझ्या मर्जीने रिकामा राहील."

याला तीन वर्षं झाली. कार्ड फ्रीजच्या दारावर लावलेलं आहे, अकरा शिक्के. ब्रिकू दर नोव्हेंबरला खाकरून विचारतात. काका विचारत नाही. गुरुवारी तो ओदिलला घेऊन जातो, रविवारी मावशीला. सुरुवातीला मावशी दोन किलोमीटर जायची, मग चार. मागच्या रविवारी नऊ झाले. मी माझ्या सायकलवर बरोबर होते. पाणचक्कीच्या पुलापाशी तिने थांबायला लावलं. गुडघा धरून कठड्यावर बसली, चेहरा लालबुंद.

"अजून किती राहिलंय सेंत-ओर्तांस?"

"बावीस," काका म्हणाला.

तिने पुढच्या रस्त्याकडे एकदा बघितलं. मग उठली, आपल्या सीटवर बसली आणि म्हणाली, "वळव. आणि लेऑन, मी पुलावर थांबले हे गुरुवारी सांगायचं नाही."

"नाही सांगत."

"आता बोल काहीतरी. घरापर्यंत. तिला सांगितलं नाहीस असं."

काकाने विचार केला. पाय मारायला सुरुवात केली, आणि बोलायला लागला.