घट्ट लावलेलं बूच

मी तलासरीजवळचा आमचा पाडा सोडला त्या सकाळी बाबा ताडावरून उतरले ते थेट माझ्याकडे आले. हंगामाची शेवटची ताडी होती. पाऊस लागला की झाडावर चढणं बंद. पहिली धार त्यांनी झाडाच्या बुडाशी ओतली, आज्याचं आणि पणज्याचं नाव घेतलं, आणि उरलेली माझ्या पाण्याच्या बाटलीत भरली. जिच्यातला पूर्वजांचा वाटा आधी जमिनीला गेला नाही ती ताडी आमच्यात कुणी तोंडाला लावत नाही. सकाळची ताडी गोड असते, ती पोराबाळांनाही देतात. मी तर अठरा वर्षांची, बडोद्याला मायक्रोबायोलॉजी शिकायला निघालेली.

"डहाणू स्टेशन येईस्तोवर पिऊन टाक," बाबा म्हणाले. "पुढं गुजरातेत चालत नाय. आन् बूच घट्ट लावू नको. तिला श्वास लागतो."

बूच मी घट्टच लावलं. दोन्ही हातांनी पिळून लावलं. डहाणूला जाणाऱ्या जीपमध्ये इस्त्रीचे शर्ट घातलेली माणसं बसणार, त्यांना आपल्या बाटलीचा वास यायला नको, एवढंच डोक्यात होतं. बारावीला बोर्डाच्या परीक्षेत मला चांगले मार्क पडले होते आणि तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला बरीच मोठी समजू लागले होते.

जीपमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारा होता. कमरेला आखूड पंचा, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. कुठे चाललीस, किती शिकणार, सगळं त्याने विचारलं. स्वतःचंही सांगितलं. डहाणूच्या प्रांत ऑफिसात त्याच्या वनपट्ट्याच्या दाव्याची तारीख होती, चार वेळा फेऱ्या मारून मिळालेली. "आज साहेब भेटल," असं तो मला दोनदा म्हणाला.

मे महिन्याचं ऊन, पत्र्याची जीप, आणि श्वास कोंडलेली ताडी. तासाभरात माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीत फट्ट असा आवाज झाला. बूच उडालं, फेस उसळला, बाटली बाहेर घरंगळली, आणि आंबूस वास जीपभर पसरला. समोरच्या पांढऱ्या शर्टाने नाकाला रुमाल लावला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि मागे वळून विचारलं, "कोणाची हाय ही?"

मी पायाने बाटली सीटखाली सरकवली आणि बाहेर बघत बसले.

ड्रायव्हरने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. नवा पंजाबी ड्रेस घातलेली मुलगी आणि पंचा नेसलेला म्हातारा यांच्यात कोणावर संशय घ्यायचा, हे ठरवायला त्याला क्षणही लागला नाही. "उतर आजोबा. सकाळी सकाळी लावून येता नि गाडी घाण करता." म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. बाटली माझ्या पिशवीतून घरंगळलेली त्याला दिसली होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्याने पिशवी छातीशी धरली आणि तो उतरला. मागे दुसरी जीप कधी येणार, येणार की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. आमची जीप निघाली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला, उन्हातच उभा होता.

पाड्यावर राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, हे मी तुम्हां दोघांनाही लिहितेय. आपण घर सोडतो तेव्हा काय काय मागे टाकतो याची यादी आपण फार हौसेने सांगतो. मी त्या दिवशी एका माणसाला मागे टाकलं, आणि हे तेरा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

आता मी बंगळुरूत असते. बिअर बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचं काम बघते, आणि आठवड्यातून तीन दिवस टेस्टिंग पॅनेलवर बसते. पांढऱ्या दिव्याखाली छोटे ग्लास मांडलेले असतात. सगळ्यात खपणारी आमची बिअर म्हणजे गोल्डन एल: पिवळीधमक, वर दोन बोटं फेस, नाकाला आधी मध, मग संत्र्याची साल, शेवटी घशाशी थोडं कडू. बिअर चाखताना थुंकून चालत नाही, गिळावी लागते. गिळण्याचा मला सराव होताच. माझं नाक पॅनेलवर सगळ्यात तिखट समजलं जातं. आंबायला लागलेलं सॅम्पल मी दुरूनच ओळखते. कुठे शिकलीस, असं विचारलं की मी बडोद्याच्या कॉलेजचं नाव सांगते. खरं तर दहा वर्षांची असताना मी नुसत्या वासावरून सांगायचे, हे मडकं विहिरीकडच्या ताडाचं आणि हे बांधावरच्याचं. ते बाबांनी शिकवलं. त्यांचं नावही मी गिळलं.

मागच्या हिवाळ्यात घरी गेले तेव्हा टॉवेलात गुंडाळून एक बाटली नेली. मीच पास केलेल्या बॅचची. बाबांचे गुडघे आता चढू देत नाहीत, ते अंगणात बसून दुसऱ्यांच्या झाडांकडे बघतात. त्यांनी बाटली उन्हात धरली, झाकण दाबून बघितलं.

"इतका घट्ट? हिला श्वास कुठून?"

"आम्ही तो आधी काढून घेतो बाबा, नि मग मापात परत भरतो."

याचं त्यांना फार हसू आलं. कोयत्याच्या पाठीने त्यांनी झाकण उडवलं, आयने दोन पेले आणले. मी सवयीने पेला फिरवला, नाकाला लावला, एक घोट घेतला, आणि बघते तर बाबा पेला हातात धरून थांबलेले. मी ओतलं नव्हतं. आपल्या पेल्यातली धार त्यांनी जमिनीवर सोडली, नावं घेतली, मग प्यायले.

"चांगली हाय. पण कुठचं झाड ते कळत नाय."

मला तिथेच रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. जीप, बूच, म्हातारा, तारीख. आय पदर तोंडाला लावून ऐकत होती. मला वाटलं होतं बाबा म्हणतील, पोर होतीस, जाऊ दे. ते तसं म्हणाले नाहीत.

"त्याची तारीख गेली आसंल," ते म्हणाले. मग विचारलं, "नाव काय त्याचं?"

"नाय विचारलं."

"तं नाव न घेता ओत. पण तू ओत. जिता आसंल तरी पोचंल, मेला आसंल तरी पोचंल."

मी ओतली. सारवलेल्या अंगणात फेस क्षणभर राहिला आणि जिरला. हलकं वगैरे काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी डहाणूला प्रांत ऑफिसात गेले. नाव नाही, गाव नाही, तिथल्या बाईंनी काय शोधायचं? मी हात हलवत परत आले.

घर कुठे, असं कुणी विचारलं की मी आधी तलासरी सांगायचे, मग नुसतं पालघर, मग मुंबईजवळ. आता मला वाटतं, जे आपलं म्हणून चारचौघांत कबूल करावं लागतं, ते घर. ताडीचा वास त्यात आला, आणि तो उन्हात उभा म्हाताराही आला.

परवा पॅनेलवर गोल्डन एलचे ग्लास आले. मी ग्लास उचलला, आणि नाकाला लावायच्या आधी हात खाली गेला. टाइल्सवर चार थेंब पडले. पॅनेल लीडरने वाकून बघितलं आणि जरा वैतागूनच विचारलं, "हे कुणाचं?"

सगळ्यांनी आपापल्या ग्लासात बघितलं.

"माझं," मी म्हणाले.