वहिनींची व्हॅन ऑईल पिते

दादांना झटका आला आणि उजव्या अंगाबरोबर वाचाही गेली. तोंडात एकच शब्द उरला, "नाही." पाणी देऊ? नाही. खिडकी लावू? नाही. हवं असलं तरी नाहीच.

स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर त्यांना दादा म्हणत, म्हणून त्यांची बायको सगळ्यांची वहिनी. दादांची जुनी व्हॅन डोंगरावरच्या इस्पितळात रोग्यांची ने-आण करायची. आता ती वहिनी चालवू लागल्या. लायसन्स होतं, सवय नव्हती. दादांनाही व्यायामासाठी त्याच गाडीने वर न्यावं लागे.

गाडी साडेतीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. मागून निळा धूर, आणि ऑईलची पट्टी काढून बघावी तर पातळी खालच्या खुणेच्याही खाली. सारखं ओतत राहायचं. पण कुठलं? ते दादांच्या डोक्यात होतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि वहिनींनी कधी विचारलं नव्हतं.

गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे जायला त्यांचा पाय उचलत नव्हता. मिस्त्री एकच सांगणार, इंजिन खोला, महिनाभर गाडी उभी करा. महिनाभर खायचं काय? त्यात इस्पितळाच्या दारवानाने दम दिला होता, "बाई, हा धूर घेऊन पुन्हा आत यायचं नाही."

शेवटी त्या ऑईलच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "जुनं इंजिन ना? मग सगळ्यात जाड घाला. वर ही औषधाची बाटली ओता. धूर एकदम गप्प!"

वहिनींनी जाड ऑईलचा डबा घेतला, मध्यमचाही घेतला. घरी येऊन दादांच्या डाव्या तळहातावर थेंब सोडला.

"हे घालू?"

दादांनी अंगठ्याने थेंब चोळला. "नाही."

हात पुसून दुसरा थेंब. "मग हे?"

"नाही."

"अहो, एकाला तरी हो म्हणा! माझ्या हातून गाडी मेली तर आपण कुठे जायचं?"

दादांचे डोळे भरून आले. ओठ नुसते हलत राहिले. "नाही," ते हळूच म्हणाले. वहिनी मोरीत गेल्या, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडल्या. मग दारवानाचा चेहरा आठवून त्यांनी जाड ऑईलच भरलं. बाटलीही रिकामी केली.

धूर खरंच कमी झाला. वहिनींना जरा हायसं वाटलं. पण थंडी वाढली तशी सकाळी गाडी सुरू करताना इंजिन कडकडायचं, आणि ऑईलचा लाल दिवा विझायला वेळ लावायचा. तापलं की होईल ठीक, अशी त्या मनाची समजूत घालत.

एका सकाळी दादा शेजारच्या सीटवर होते, मागे डायलिसिसला निघालेल्या दोन आजी. चढावर लाल दिवा लागला तो लागलाच. इंजिन ठोके देऊ लागलं. वहिनींनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

"अगं, दोनच वळणं राहिलीत," मागून एक आजी म्हणाल्या. "ने की तशीच."

आजींची वेळ टळली तर? वहिनींचा हात चावीकडे गेला. तेवढ्यात दादांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट गच्च पकडलं. "नाही! नाही! नाही!" मान, डोळे, अख्खं शरीर तेच सांगत होतं. इतक्या महिन्यांत वहिनींना त्यांचं बोलणं पहिल्यांदाच नीट कळलं. त्यांनी चावी काढून घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आजींना मागून आलेल्या गाडीने नेलं. व्हॅन दोरखंडाने ओढून गॅरेजमध्ये आणली.

मिस्त्रींनी इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर खोलून, ऑईल जिथून वर ओढलं जातं ती जाळी दाखवली. काळ्या गाळाने गच्च. "त्या बाटलीने आतला जुना गाळ सुटला आणि इथे बसला. त्यात थंडीत जाड ऑईल, ते वर चढणार कसं? अजून थोडं रेटलं असतं तर इंजिन तिथेच जाम झालं असतं."

"मग पातळ घालायचं होतं का हो?"

"अगदी पातळ जळून जाईल, गळेल. कंपनीने सांगितलेलं घाला, नाहीतर त्याच्यावरची एकच पायरी. थंडीत वाहायला हवं, तापल्यावर टिकायला हवं. जुन्या इंजिनासाठी मुद्दाम बनवलेलंही मिळतं, त्याने ऑईल अडवणारे रबरी सील मऊ राहतात. पण वहिनी, ऑईल न पोचल्याने आतल्या बेअरिंगला मार बसलाय. आता कुठलंही ऑईल ते भरून काढणार नाही."

"मीच मारलं म्हणायचं."

मिस्त्री कामाला लागले. जाळी धुऊन बसवली, मध्यम ऑईल भरलं. दिवा लगेच विझला, ठोका मात्र बारीक राहिलाच. धूरही परत आला, म्हणून दारवानाच्या भीतीने वहिनी रोगी फाटकाबाहेर उतरवून चाकांच्या खुर्चीवरून आत ढकलत नेऊ लागल्या.

उन्हाळा कसाबसा निघाला. मग एका भर दुपारी बाजाराच्या रस्त्यावर इंजिनाने मान टाकली. भंगारवाला गाडी न्यायला आला तेव्हा दादा खिडकीशी बसून होते.  त्या दिवशी ते जेवले नाहीत.

वहिनी आता इस्पितळाच्याच फेऱ्या करणाऱ्या दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर आहेत. कामाला लागताना त्यांनी मालकाला एकच अट घातली, व्यायामाच्या दिवशी पुढची सीट दादांसाठी मोकळी ठेवायची. मालक आधी कुरकुरला, पण तयार झाला.