हरणाला टेकवलेलं धनुष्य

त्या रविवारी पहिली गोष्ट खटकली ती म्हणजे मावशींचा निळा घोंगता. प्लास्टिकचा, डोक्यावरून पांघरायचा. शेडच्या खांबाशी तो पांघरून मावशी उभ्या आहेत असं मी धरून चालले होते. वारा आला, घोंगता फुगला, आणि तो नुसता खिळ्याला लटकवलेला निघाला! आत मावशी नव्हत्या.

पण ते शेवटी सांगते. आमच्याकडचे किस्से गवतात शिरलेल्या बाणांसारखे आहेत. एक शोधायला जावं तर आधीचे चार हाती लागतात, आणि हवा असलेला सगळ्यात शेवटी.

आमच्याकडे म्हणजे टाकवे बुद्रुकच्या पुढे, आबा म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्या पडीक माळावर. तिथे आमचे सर नवशिक्यांना तिरंदाजी शिकवतात आणि मी त्यांची असिस्टंट. दर रविवारी देहूरोडहून येते. झाडीत ठिकठिकाणी हरणं उभी केलेली आहेत. नवशिक्याचा पहिला बाण एखाद्या हरणाच्या छातीत लागेपर्यंत त्या नवशिक्यासोबत राहायचं, हे माझं काम. हरणं फोमची! हे आधीच सांगून टाकते, कारण लोणावळ्यात बंगल्यावर उतरलेल्या एका पाहुण्यांनी फोनवर विचारलं होतं, "मटण वाटून देता की अख्खं न्यायचं?"

आणि हो, मी फार दचकते. कुकरची शिट्टी, फुटलेला फुगा, मागून आलेली "मॅडम" अशी हाक. मला काहीही पुरतं.

* * *

एकदा कुणीतरी तक्रार केली की टाकव्याच्या माळावर लोक दिवसाढवळ्या सांबर मारतायत. वनरक्षक आले. गाडी लांब लावून, करवंदीच्या जाळीआडून, जवळजवळ रांगतच.

"कोणी हलायचं नाही!"

मी किंचाळले, धनुष्य टाकलं आणि दोन्ही हात वर केले. हात वर करा असं ते म्हणालेच नव्हते!

ते सांबराकडे गेले. सांबर पळेना. त्यांनी त्याच्या पोटाला बोट लावलं. बोट आत गेलं.

"हे काय आहे?"

"गादी हाय सायेब," आबा म्हणाले. "आमच्या लग्नातली." फाटक्या हरणांना जुन्या गाद्यांची ठिगळं लावायचं काम आबांकडे असतं.

वनरक्षकांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हात खाली घ्या ताई. पंचनामा कशाचा लिहू? गादीचा?"

* * *

तुंगार्लीची चार्वी पहिल्या दिवशी धनुष्य ताणून उभी राहिली आणि बाण न सोडताच तिने ते खाली घेतलं.

"मॅडम, ते माझ्याकडे बघतंय."

मी समजावलं, सरांनी समजावलं. पुढच्या रविवारी आबांनी त्या हरणाला काळा गॉगल घातला. मग चार्वीने बाण सोडायला सुरुवात केली, पण प्रत्येक बाणाआधी हळूच "सॉरी" म्हणायची. नऊ बाण गेले, नऊ सॉरी. दहावा छातीत!

आमच्याकडे रीत अशी, की ज्याचा पहिला बाण लागतो त्यानेच ते भोक स्पंज आणि फेविकॉल लावून बुजवायचं. "मारनाऱ्यानंच टाकं घालायचं," हा आबांचा कायदा. चार्वी डोळे पुसत अर्धा तास भोक बुजवत होती. निघताना म्हणाली, "पुढच्या रविवारी याला दुखणार नाही ना?"

आबा गंभीरपणे म्हणाले, "दोन दिस आराम देतो त्याला."

* * *

माझं स्वतःचं पहिलं हरण सांगायलाच नको, पण सांगते.

सात महिने मला काही लागलं नव्हतं. बाण सोडायची वेळ आली की मनात यायचं, सुटलाच नाही तर? त्या दिवशी पूर्ण ताणून उभी होते आणि डोक्यावरच्या फांदीवर मोर ओरडला. मी दचकले. बाण सुटला. बरोब्बर छातीत!

सर हरणाकडे गेले, बाण पाहिला, परत आले. "छान. आता दर वेळी मोर कुठून आणायचा?"

मी धावत पप्पांना फोन केला. ते डेपोत ड्यूटीवर होते. "पप्पा, लागला! बाण लागला!"

 पलीकडून घाबरलेला आवाज, "कुठं लागला बाळा? दवाखान्यात आहेस का?"

* * *

कदमकाका बँकेतून रिटायर झालेले. तळेगावहून स्कूटरवर येतात, खिशात स्वतःचा टॉवेल. अकरा रविवार झाले, एकही हरण नाही. सगळे बाण मागच्या सागाला. एकदा मी धीर देत म्हटलं, "काका, ग्रुपिंग मस्त आहे. सगळे एकाच जागी जातायत."

काका घाम पुसत म्हणाले, "मॅडम, मग हरणच तिकडे न्या ना!"

हसले सगळे, पण स्कूटर काढताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्या हातून आता होणारच नाही का हो?"  त्यांना एक हरण मिळवून द्यायचंच, असं मी तेव्हा मनाशी ठरवलं. म्हणूनच त्या रविवारी घाई केली.

* * *

लता मावशी म्हणजे आबांची बायको. आमचा चहा त्याच आणायच्या. एक दिवस किटली खाली ठेवून म्हणाल्या, "मला बी दे की गं एक." भातलावणी करून घट्ट झालेले हात ते! मला ताणता येत नाही असं धनुष्य त्यांनी कानापर्यंत ओढलं. बाण हरणावरून पार ओढ्याकडे. तेव्हापासून त्या शिष्या, आणि धनुष्याला लाल दोरा बांधलेला, आपलं ओळखू यावं म्हणून.

मी त्यांना दोन नियम शिकवले. एक, हरणामागे बाण शोधायला जाताना आपलं धनुष्य हरणाला टेकवून जायचं. धनुष्य दिसलं की मागे माणूस आहे, कोणी बाण सोडायचा नाही. दुसरा, खऱ्या जंगलात गेलात आणि जनावर दिसलं, तर हूं की चूं करायचं नाही. कोणी हाक मारली तरी नाही.

"ह्यांनी मारली तरी?"

"तरीही नाही."

आबा तिकडून म्हणाले, "मॅडम, ह्यो नियम घरी बी लावा की!"

तिसरा नियम माझ्यासाठी होता. धुकं असेल तर आधी हाक मारायची, उत्तराची वाट बघायची, मगच बाण.

* * *

त्या रविवारी पाऊस थांबला होता, पण धुकं इतकं की वीस पावलांवरच्या हरणाची नुसती पाठ दिसत होती. सर पुण्याला गेलेले. सगळी जबाबदारी माझ्यावर, म्हणून मी सारखी माणसं मोजत होते. शेडमध्ये नऊ. बरोबर नऊ. मावशी खांबाशी.

"मॅडम, सोडू?" कदमकाकांनी विचारलं. हात स्थिर होता. अकरा रविवारांत पहिल्यांदाच! हाक मारून तो नेम मला मोडायचा नव्हता. नऊजण डोळ्यांसमोर होते ना?

"सोडा," मी म्हटलं.

बाण हरणाच्या पाठीवरून धुक्यात गेला. सागावर आपटल्याचा आवाज आला नाही. आणि वारा आला, घोंगता फुगला.

मी परत मोजलं. आठ.

त्याच वाऱ्याने धुकं जरा बाजूला झालं. हरणाच्या पायाशी धनुष्य टेकवलेलं होतं. लाल दोऱ्याचं.

"मावशी!"

उत्तर नाही. कदमकाकांनी धनुष्य जमिनीवर ठेवलं आणि ते तिथेच खाली बसले. आबा चहाचा कप घेऊन उभे होते, तो तसाच धरून हरणाकडे चालू लागले, चहा सांडत.

"मावशी! ओ मावशी!"

काहीच नाही. मी पळत सुटले. गवत ओलं, पाय सरकत होते, हरणापाशी एकदा पडले, उठले. समोर नुसतं पांढरं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मावशी, बोला ना! काहीतरी बोला!"

माझ्यापासून दोन हातांवर, गवतातून, दबक्या आवाजात उत्तर आलं.

"श्शूऽऽ! वरडतीस काय गं पोरी? पाडस हाय हितं, खरं! तूच म्हनली हुतीस ना, दिसलं की बोलायचं न्हाई!"