माणसांची खांदमळण

माझा चुलतभाऊ विनोद याचा फोन आला तेव्हा मी मुलांचे डबे भरत होते. "ताई, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आम्हा सगळ्यांचे मोठेबाबा, सकाळचा चहा घेऊन ओट्यावर बसले होते आणि बसल्या जागीच मान कलली. त्र्याऐंशीचे होते. सोन्यासारखं मरण आलं, असं लोक म्हणत होते. खरंही असेल, पण त्या दिवशी तसं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा मला राग आला. नाशिकहून रेल्वेने मलकापूरला उतरून, पुढे एसटीने संग्रामपूरजवळचं आमचं गाव गाठेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं.

त्याला आता दीड महिना झाला. मोठेबाबा काही नावाजलेले गृहस्थ नव्हते. कोरडवाहू शेती, तिरसट स्वभाव, आणि कुणाचं कौतुक करायचं तर दातखीळ बसायची. तरी आम्हा सात भावंडांना दुसऱ्याचे कष्ट ओळखायला शिकवलं ते याच माणसाने, आणि तेही पोळ्याच्या सुटीत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदमळण असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं आणि बैलाला आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." मी सात वर्षांची असेन. बैलांचं झाल्यावर वाटीत थोडं लोणी उरलं होतं. अंगणात रहमानचाचा टेकले होते. ते गावोगाव गाद्या-रजया भरत हिंडायचे, खांद्यावर कापूस पिंजायची भलीमोठी पिंजण घेऊन. गरमीने त्यांनी सदरा काढून ठेवला होता. मी सरळ गेले, त्यांच्या उघड्या खांद्याला हळद-लोणी चोळलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या!"

भरल्या अंगणात मी एका वडीलधाऱ्या माणसाला बैल करून टाकलं होतं! आई हात उगारून धावली. चाचाच हसायला लागले म्हणून मी वाचले. "अरे भाऊसाब, आपकी बच्चीने तो मेरेकू बैल बना दिया!"

मोठेबाबा हसले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं. "काऊन लावलं वो?"

मी रडकुंडीला येऊन सांगितलं, "चाचाच्या खांद्याले बी घट्टा पडला. बैलासारखा. माही रजई त्याहिनंच भरली."

मोठेबाबा उठले आणि चाचांचा खांदा वाकून पाहून आले. मग आईला म्हणाले, "मारू नको तिले. पोरीनं बरोबर पाह्यलं. आपुन इतके साल पाह्यलं नाही." दुसऱ्या दिवशी रहमानचाचा आणि चाची आमच्या पंगतीला होते, आणि चाचीने पुरणपोळी दोनदा मागून घेतली.

त्या वर्षापासून घरात नियमच झाला. वर्षभरात आपल्यासाठी कुणी ओझं वाहिलं ते प्रत्येक पोराने स्वतः हुडकायचं, पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी वाटी घेऊन जायचं, आणि आवतन देण्याआधी कारण सांगायचं. नुसतं "तुम्ही चांगले आहात" चालायचं नाही. "चांगलं तर गाढवबी असते," मोठेबाबा म्हणायचे. "त्यानं काय केलं थे सांग." एका वर्षी विनोदने जिलेबीवाल्याला निवडलं. हेतू स्वच्छ होता. मोठेबाबांनी विचारलं, "त्यानं कोणतं ओझं उचललं बे तुह्यासाठी?" विनोद म्हणाला, "जिलेबीची परात." आम्ही हसून लोळलो. मोठेबाबांनी मात्र त्याला सकाळी जिलेबीवाल्याच्या भट्टीजवळ नेऊन बसवलं आणि दुपारपर्यंत उठू दिलं नाही. विनोद लालबुंद होऊन घरी आला, जिलेबीचं नाव काढलं नाही, मुकाट्याने वाटी उचलली आणि परत गेला. आज विनोद कुठल्याही दुकानात गिऱ्हाईक म्हणून गेला तरी आधी पंख्याखालची जागा कामगाराला आहे का ते बघतो.

पुढे बैलजोडी विकली, ट्रॅक्टर आला. गोठ्यात मोटारसायकली लागल्या. माणसांची खांदमळण मात्र चुकली नाही. आमची मुलं वाटी घेऊन निघायला लागली.

मोठेबाबांनी स्वतःच्या खांद्याला कधी कुणाला हात लावू दिला नाही. माझे वडील मी आठवीत असताना गेले. पोरीला मलकापूरला शिकायला ठेवू नका, असं सगळी भावकी सांगत होती. या माणसाने कुणाचं ऐकलं नाही. दर सोमवारी पहाटेच्या गाडीने माझी पेटी खांद्यावर घेऊन ते मला सोडायला यायचे. हे मला त्यांना एकदा तोंडाने सांगायचं होतं. गेल्या पोळ्याला हिय्या करून वाटी घेऊन समोर बसले, तर त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावून घेतली. "मले बैल नको करू," म्हणाले. मीही हसून उठले. पुढच्या वर्षी बघू, असं मनात म्हटलं... माणूस किती मूर्ख असतो!

यंदाचा पोळा दुःखातला. घरात तळण नाही, गोड नाही. मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, एकटी पडू नये म्हणून मी आदल्या दिवशीच गेले. दुपारी स्वयंपाकघरात आम्ही दोघी. पाटा-वरवंटा धुऊन भिंतीला उभा केलेला. यंदा पुरण वाटायचं नाही, म्हणून ती उगाच हात चोळत बसली होती. तिला तसं बसलेलं बघून माझ्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत आम्ही पोरांनी गावभर आवतनं वाटली, आणि त्या सगळ्या पंगतींचं पुरण हिने वाटलं. हिच्यापाशी वाटी घेऊन एकही पोर गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी हळद-लोणी कालवलं आणि तिच्यापुढे बसले. तिने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"त्याहिले मी कितीकदा म्हटलं, सांगा ना पोरायले," ती म्हणाली. "तर म्हणत, सांगून काय फायदा, त्याहिच्या ध्यानात येऊ दे. पोळ्याच्या दिवशी सकाळी सोताच लोणी चोळून देत मले, अन् दरसाल म्हणत, 'औंदा बी कोणी नाही आलं वो. पुढच्या साली येईन एखादं.'"

वाटीवर वाकून मी रडू लागले.

मोठीआईने पदर बाजूला सारला. "रडू नको. आधी कारण सांग."

मी सांगू लागले. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली उतरलेला होता.