समालोचकाचा डी-डायमर

आमच्या ह्यांच्या हातात माइक दिला की त्यांच्याइतका सुखी माणूस अख्ख्या खालापुरात सापडायचा नाही. खोपोलीच्या कंपनीतली नोकरी नावाला. खरा जीव टेनिस क्रिकेटच्या कॉमेंट्रीत. भात झोडून झालं की दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात टूर्नामेंट, आणि हे तिथे हजर. घरी तरी गप्प बसतील? मी भाकरी थापली तरी, ‘काय सुंदर फटका!’ एकदा वैतागून म्हटलं, “अवो, घडीभर तोंड मिटा की!”

आणि त्याच आठवड्यात मिटलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मेलं माझंच तोंड फुटकं, असं वाटून मी धाय मोकलून रडले.

डॉक्टरांनी डी-डायमर नावाची तपासणी केली. रक्तात गुठळ्या होतात, विरघळतात, त्याचा मागमूस त्यात कळतो म्हणे. आकडा जास्त, तर सुधारणा हळू होण्याची भीती. ह्यांचा पाहिजे त्याच्या चौपट.

दुसऱ्या दिवशी गावची सगळी क्रिकेट टीम शहाळी घेऊन दवाखान्यात. कप्तानाने रिपोर्ट वाचला आणि ओरडलाच, “वयनी, चौपट? एक नंबर!” बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या.

“टाळ्या कसल्या वाजवता रं मेल्यांनो! ह्यो आकडा खाली याया पायजे.”

“असं हाय व्हय! म्हंजे बोलिंगचा आकडा. जितके रन कमी दिले तितकं भारी.”

झालं! मग रोज फोन, “वयनी, आज किती दिले?”

पुढच्या तपासण्यांत आकडा उतरत गेला. टीमने पेढे वाटले. हे काठी धरून ओटीवर चालू लागले. पण तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, “आकडा अंदाज देतो, हमी देत नाही. व्यायाम चालू ठेवा, आणि तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा.”

बोलत राहा! इतकी वर्षं ह्यांनी मला मधे बोलू दिलं असतं तर सवय असती. काय बोलावं तेच सुचेना. शेवटी एका सकाळी ते ओटीवर फेऱ्या मारत होते, तेव्हा लाजत लाजत मी कॉमेंट्रीच सुरू केली. “फलंदाज पुढे सरसावले... जोरदार फटका... आणि चेंडू टप्पा न घेता थेट सीमारेषेपार! चार धावा!”

हे थांबले. कपाळाला आठ्या. ओठ थरथरले.

“स... सहा.”

तीन महिने बायकोसाठी एक शब्द नाही, आणि उघडलं तोंड ते माझी चूक काढायला! मला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदमच.

“चारच,” मी म्हटलं.

“सहा!”

सहा असतात ते मलाही कळलं होतं. तरी दुपारचं जेवण होईपर्यंत मी चारच म्हणत राहिले.