भाऊजींचे जगभरचे सोयरे

आपण जगात कोणाच्या लक्षात आहोत की नाही, हे रोज सकाळी फोनवर तपासून मगच दात घासणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि ते म्हणजे माझे धाकटे दीर. भाऊजी नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात रक्ताच्या आजारांवर संशोधन करतात. त्यांचे पेपर परदेशी नियतकालिकांत छापून येतात. दुसऱ्या कोणी आपल्या पेपरात त्यांच्या पेपरचा हवाला दिला, की त्याला सायटेशन म्हणतात. हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आलं. घरचे कुळाचार नंतर. आमचे हे पिंपळगावला कांद्याच्या व्यापारात. त्यामुळे नाश्त्याला दोघे भाऊ समोरासमोर बसून आपापल्या फोनमध्ये डोकं घालतात, एक कांद्याचा भाव बघतो, दुसरा सायटेशनचा आकडा. पोहे दोघांचेही गार होतात. भाव पडला की हे चिडतात. आकडा हलला नाही तर भाऊजी चिडत नाहीत, नुसते हिरमुसतात, आणि मला त्यांच्या पोह्यांवर जास्तीचं खोबरं घालावं लागतं.

हवाला देणारी माणसं त्यांना सोयऱ्यांसारखी. ‘आपल्या पोलंडच्या बाईंनी परत आठवण काढली हो, वहिनी!’ असं म्हणत पेढ्यांचा पुडा घेऊन येतात. ब्राझीलच्या एकानं बरेच दिवस विचारलं नाही, तर काय बिनसलं असेल म्हणून बेचैन. तुर्कस्तानचा एक जण दरवेळी भाऊजींच्या चुका काढतो, तरी त्याचेही पेढे. ‘नावं ठेवायला का होईना, नाव तर घेतो बिचारा!’

घरात बोलतानाही ही खोड सुटत नाही. आमटीत मीठ कमी आहे असं सरळ म्हणतील तर शपथ. ‘मीठ कमी पडतंय, असं दादानं मंगळवारी म्हटलेलं आहे, आणि मलाही तसंच आढळलं.’ पंखा आवाज करतोय, तर ‘हे मी दिवाळीतही म्हणालो होतो.’ स्वतःच स्वतःचा हवाला दिलेला चालतो, फक्त फार देऊ नये, असं त्यांनी मला गंभीरपणे समजावलं आहे.

अशा माणसाकडे माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका सोपवायची आम्हालाच हौस. त्यांच्या पेपरात म्हणे ज्यानं राबून काम केलं त्याचं नाव पहिलं, आणि सगळ्यात वडीलधाऱ्याचं शेवटी. त्या हिशेबानं हॉल ठरवणारा माझा भाचा सर्वांत वर आणि देवळ्याचे थोरले काका तळाला. पत्रिका पोहोचल्याबरोबर काकांचा फोन. ‘माझं नाव पार बुडाशी? मी काय लग्नात पत्रावळी उचलायला येऊ काय?’ भाऊजी तडक देवळ्याला गेले आणि शेवटच्या नावाला केवढा मान असतो, हे त्यांनी काकांना दुपारभर समजावलं. काका लग्नाला आले. पटलं म्हणून नव्हे, थकले म्हणून.

गेल्या वर्षी भाऊजींची प्राध्यापकपदासाठी मुलाखत होती. सगळी भिस्त एका मोठ्या पेपरवर. बहुतेक हवाले त्याचेच. मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात ते भर दुपारी स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

‘वहिनी, माझा तो मोठा पेपर चुकलाय.’

‘कोण म्हणालं?’

‘कोणी नाही. मीच परत तपासला. निरोगी माणसांच्या रक्ताचे काही नमुने पेशंटच्या नमुन्यांत गेले होते.’

हे जेवत होते. ‘मुलाखत होऊन जाऊ दे, मग सांग. आठ दिवसांनी काय बिघडतंय?’

‘पोलंडच्या बाई त्याच्या भरवशावर पेशंटना औषध द्यायला निघाल्यात, दादा.’

त्याच संध्याकाळी त्यांनी पेपर मागे घेत असल्याचं नियतकालिकाला कळवलं, आणि हवाला देणाऱ्या एकेकाला, तुर्कस्तानवाल्यालासुद्धा, स्वतः लिहिलं. घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. मुलाखत झाली, जागा दुसऱ्याला गेली. मी खूप चिडले. कॉलेजवर नाही, भाऊजींवरच. एवढं खरं वागायची काय घाई होती, असं मला वाटत राहिलं. ते मात्र फोन न बघता दात घासू लागले, पोहे गरम असतानाच खाऊ लागले, आणि तेच मला बघवेना.

परवा पोलंडच्या बाईंचा नवा पेपर आला. औषध पेशंटपर्यंत जाण्याआधीच थांबवलं होतं. अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, आभार होते.

‘आभार सायटेशनमध्ये धरत नाहीत,’ भाऊजी म्हणाले.

‘वाचा तरी,’ मी म्हटलं.

ते मराठी करून वाचू लागले. आपली चूक आपणहून सांगून ज्यांनी आमच्या पेशंटना धोक्यातून वाचवलं, ते भारतातले आमचे सहकारी... आणि पुढे स्वतःचं नाव आलं तिथे अडकले. ह्यांनी हात पुसले, त्यांच्या हातातून फोन घेतला, आणि कांदा दुबईला पाठवता पाठवता कमावलेल्या इंग्रजीत, शब्दाशब्दाला ठेचकाळत, ते वाक्य धाकट्या भावाच्या नावासकट मोठ्यांदा वाचलं. मग कोणी न सांगता परत एकदा वाचलं.