अजून थोडं मागे

डॉक्टरांनी चीफना जे सांगितलं, ते सांगितलं जात असताना मी त्या खोलीत नव्हते. सुमनवहिनींच्या ड्रायव्हिंग टेस्टलाही मी हजर नव्हते. हे आधीच नमूद करते, कारण आमच्या गाडीत किस्से साठतात ते पुराव्याशिवाय. रविवारी सकाळी सिंगापूरहून मलेशियातल्या जोहोरला निघायचं म्हणजे खाडीवरच्या कॉजवेवर, सीमेच्या रांगेत अडकणं आलंच, आणि तिथे किस्से सांगण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. एकच प्रसंग दर खेपेला थोडा अधिक चकचकीत होऊन बाहेर येतो. त्यातली झळाळी जमेल तितकी खरवडून मी ते इथे देते आहे.

गाडीत आम्ही चौघं. चीफ, म्हणजे जहाजांवर चीफ इंजिनियर म्हणून आयुष्य काढून आता बिशानच्या फ्लॅटमध्ये निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत सॉफ्टवेअर सांभाळणारा पुण्याचा मंदार. आणि मी, मेधा. क्लेमेंटीत खोली घेऊन राहते आणि जुन्या लाकडी बांधकामांच्या सांध्यांवर संशोधन करते. पलीकडच्या खेड्यांतली जुनी कोठारं, रबराच्या लाद्या धुरावर सुकवण्याची लाकडी घरं, असलं काहीबाही पडायच्या आत फोटोत धरायचं, हा आमचा उद्देश. बहुतेक वेळा ते आधीच पडलेलं असतं.

*

काचबिंदू. नजर कडांकडून आत विझत येते, मधली तेवढी शेवटपर्यंत टिकते. गेलेली परत येत नाही. डॉक्टरबाईंनी हे चीफना शांतपणे समजावून सांगितलं.

चीफ म्हणाले, "म्हणजे वाइड अँगल गेली, टेलिफोटो शिल्लक आहे!"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "अंकल, गाडी चालवता?"

चीफनी खिशातून किल्ली काढली आणि तिथल्या तिथे वहिनींच्या हातात ठेवली.

वहिनींना गाडी चालवता येत नव्हती!

*

साठी उलटलेल्या वहिनी शिकायला लागल्या. शिकवायला माणूस होता, पण घरी आल्यावर उजळणी चीफ घ्यायचे. सोफ्यावर शेजारी बसून जहाजी हुकूम सुटायचे : "डेड स्लो अहेड! आता हाफ अहेड! स्टॉप, स्टॉप!"

"अहो, तुम्ही जन्मभर इंजिनरूममध्ये होतात," वहिनी म्हणाल्या. "सुकाणू तुमच्या हातात होतं कधी?"

वहिनी आधी नापास झाल्या, पुन्हा नापास झाल्या. चीफ प्रत्येक वेळी त्यांची समजूत घालताना जरा जास्तच खुशीत दिसायचे, असं मंदारचं निरीक्षण आहे. अखेर त्या पास झाल्या. पेढे आणले गेले. चीफनी एक उचलला आणि हातातच धरून ठेवला.

"म्हणजे आता आपली डावी सीट कायमची," ते म्हणाले.

*

रबर सुकवायचं एक घर आम्हाला अगदी उभं सापडलं. पत्र्याचं छप्पर, धुराने काळ्या पडलेल्या फळ्या. मी आनंदाने सांध्यांपाशी गुडघे टेकले. तेवढ्यात मालक आला, म्हातारा चिनी गृहस्थ. "ह्याचे फोटो कशाला?" त्याने विचारलं.

मंदारने वारसा, इतिहास, पुढच्या पिढ्या असं बरंच काही सांगितलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"हवं असेल तर घेऊन जा, लाह!" इकडे वाक्याच्या शेवटी लावतात ते 'लाह' लावून तो म्हणाला. " पाडायला माणसं मिळत नाहीत."

चीफ मात्र त्या दिवशी घराच्या अंगाअंगाने सरकत तुकड्यातुकड्यांनी फोटो घेत होते. कुलूप, मग कडी, मग अर्धी खिडकी. मंदारने नंतर ते लॅपटॉपवर जोडून पाहिले. घराला दोन दारं आली आणि छप्पर आलंच नाही.

"बघा, मला आता क्रॉप करावं लागत नाही!" चीफ म्हणाले, आणि एकटेच खूप वेळ हसत राहिले.

*

मंदार गप्प बसणाऱ्यांतला नाही. समोर काय आहे ते बोलून सांगणारं एक ॲप त्याने चीफच्या फोनवर घातलं. पहिली चाचणी एका पडक्या कोठारासमोर झाली. दारात वहिनी उभ्या होत्या. चीफनी फोन रोखला.

फोन म्हणाला, "एक गाय. उभी आहे."

"उभी आहे, एवढं तरी बरोबर सांगितलं मेल्याने," वहिनी म्हणाल्या.

ॲप त्याच दिवशी काढून टाकण्यात आलं. मीही माझ्या परीने धीर द्यायला गेले होते : बारकावे तर तुम्हाला अजून स्वच्छ दिसतात, सांधे टिपा, सांध्यांतच खरं बांधकाम असतं.

चीफ म्हणाले, "सांधे तुझे, मेधा. मला पूल हवा आहे. सगळा."

*

हा पूल म्हणजे एका जुन्या मळ्यातल्या ओढ्यावरचा छप्पर असलेला लाकडी पूल. डोळे धड होते तेव्हा चीफनी तो दर वेळी पुढच्या खेपेवर ढकलला होता. आता त्यांना त्याचा एका वेळी एकच तुकडा दिसे. एक खांब, नाहीतर छपराचं एक टोक.

उपाय त्यांनीच शोधला, आणि तो शास्त्रशुद्ध होता. नजरेची नळी अरुंद झाली असेल, तर वस्तूपासून लांब जावं. लांबून ती लहान होते आणि नळीत मावते!

वहिनींनी त्यांचं कोपर धरलं, आणि पुलाकडे तोंड करून चीफ उलटे चालू लागले. "अजून थोडं मागे." वहिनी खड्डे बघत होत्या, कुत्री हाकलत होत्या. "अजून थोडं मागे." लाल मातीचा सगळा रस्ता संपला, चढ लागला.

मंदार ओरडला, "चीफ, इथून तो काडेपेटीएवढा दिसतोय!"

"काडेपेटीएवढा, पण सगळा!" चीफ म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

मंदारने तो मोठा करून छापून आणला. मी कौतुकात सढळ नाही, पण फोटो निर्दोष होता. दोन्ही काठ, मधोमध किंचित खचलेलं छप्पर, खाली संथ पाणी. पुढच्या खेपेला त्या ओढ्यात सिमेंटचे पाइप घातलेले आढळले. पुलाची एक फळीही तिथे नव्हती.

*

फोटो बिशानच्या हॉलमध्ये टांगला गेला. चीफ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तो बघायचे, तिथून तो सगळा मावायचा. काही महिन्यांनी मावेना. ते आणखी मागे सरले, तर पाठीला भिंत लागली. फ्लॅट अपुरा पडला.

तेव्हापासून वहिनी दुपारी फ्रेम उतरवून बाहेरच्या कॉरिडॉरच्या टोकाला नेऊ लागल्या. त्या तिथे फ्रेम छातीशी धरून उभ्या राहायच्या आणि चीफ एक हात कठड्यावर ठेवून उलटे चालत जायचे. शेजारीण एकदा ओरडली, "अंकल, मागे लिफ्ट आहे, लाह! केअरफुल!"

हे मी नुसतं ऐकून होते. मग एका शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. लिफ्टचं दार उघडलं तर समोर चीफची पाठ. ते मागे मागे येत पार लिफ्टपर्यंत पोचले होते. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला वहिनी फ्रेम धरून उभ्या होत्या. मी जागच्या जागी थांबले.

"दिसला का हो?" वहिनींनी तिकडून विचारलं.

चीफनी डोळे किलकिले केले. मग हात वर करून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "दिसला! सगळा दिसला! छप्परसुद्धा!"

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. फ्रेमची पाठ आमच्याकडे होती. करडा पुठ्ठा आणि टांगायची तार.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या, बोलू नकोस अशी मान हलवत. त्यांनी फ्रेम वळवली नाही.